घरगुती मद्याची वार्षिक गणना

जुन्या दप्तरांतील अबकारीचा आकडा हातीं आला कीं, त्यावरून त्या परगण्यांत लोक किती मद्य पीत असत हें सांगून मोकळें होण्याचा मोह पुष्कळ संशोधकांस आवरत नाहीं. कलालभट्टीचा मक्ता इतक्या रुपयांस गेला, त्या अर्थीं मद्यहि त्याच मानानें खपलें असलें पाहिजे, अशीं अनुमानें छापील लेखांतूनहि वाचावयास मिळतात. आमच्या मतें हें अनुमान दोन ठिकाणीं लंगडें आहे. मक्त्याची रक्कम ही मक्तेदाराच्या आशेची किंमत असते, विकलेल्या मद्याची नव्हे, हें एक; आणि जें मद्य घरीं करून घरींच संपलें तें या रकमेंत मुळीं येतच नाहीं, हें दुसरें. पहिल्या दोषाकडे कोणाचें तरी लक्ष जातें, दुसऱ्याकडे सहसा जात नाहीं. म्हणून घरगुती मद्याची वर्षाची गणती आजवर कशी करीत आले, ती कोठें चुकते, आणि जुन्या कागदांतून ती कितपत काढतां येईल, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथें योजिला आहे. मद्यपान चांगलें कीं वाईट हा या लेखाचा विषय नव्हे.

आम्ही राहतों तें मंठें आज जालना जिल्ह्यांत मोडतें. १ मे १९८१ रोजीं हा जिल्हा झाला. त्यापूर्वीं हा मुलूख परभणी जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांत होता, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें येथले अबकारीचे कागद मुंबई इलाख्याच्या नियमांनीं वाचले तर अर्थाचा अनर्थ होतो. इलाख्यांत १८७८ सालचा अबकारी कायदा चाले. आमच्याकडे १३१६ फसलीचा हैदराबाद अबकारी कायदा होता. फसली सनांत ५९० मिळविले म्हणजे स्थूलमानानें इसवी सन येतो, म्हणजे हा कायदा १९०६-०७ सालचा ठरतो. ठेका घेणाऱ्यास मराठवाड्यांत गुत्तेदार म्हणत. शब्द अद्याप जिवंत आहे, मात्र आज तो रस्ते व पूल बांधणाऱ्यास लागतो. गुत्ता म्हणजे मूळ ठेका. पुढें ठेक्याचें दुकान, आणि शेवटीं नुसतें दारूचें दुकान, अशी या शब्दाची घसरण झालेली दिसते. शब्दानेंच सांगितलें आहे कीं, सरकारच्या लेखीं दारू म्हणजे ठेका. ठेक्याबाहेर घरांत काय शिजतें याला त्या शब्दांत जागाच नाहीं.

आतां मूळ ग्रंथांकडे वळूं. आज ज्यास बीअर म्हणतात त्या जातीचें, म्हणजे धान्य आंबवून केलेलें आणि भट्टीवर न चढविलेलें, आपल्याकडील प्राचीन मद्य म्हणजे सुरा. सौत्रामणी यागासाठीं ती कशी सिद्ध करावी हें शतपथब्राह्मणांत व कात्यायनाच्या श्रौतसूत्रांत आलें आहे. मोड आणलेलें धान्य, ज्यास शष्प व तोक्म अशीं नांवें आहेत, लाह्या, नग्नहु नांवाचें वनस्पतींचें मिश्रण, आणि आंबण्यास तीन रात्री, असा तो विधि आहे. युरोपांतील बीअरला लागणारा माल्ट म्हणजे हेंच मोड आणून वाळविलेलें धान्य. सुरा शब्दाचें भाषांतर करतांना सरसकट 'दारू' लिहिणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण दारू म्हटलें कीं वाचकाच्या डोळ्यांपुढें भट्टीच उभी राहते.

गणतीच्या दृष्टीनें मात्र खरें घबाड आहे तें कौटिलीय अर्थशास्त्रांत. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसुरास या ग्रंथाचें प्रथम मुद्रण केलें, आणि कंगले यांची चिकित्सक आवृत्ति १९६० सालीं मुंबई विद्यापीठानें काढली. दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्षाचें प्रकरण आहे. दुकानें, विक्रीचा रोजचा हिशेब, कोणास किती मद्य बाहेर नेऊं द्यावें, सारें तेथें आहे. बाहेर नेण्याचीं मापें पाव कुडुबापासून एका प्रस्थापर्यंत मोजून दिलीं आहेत. परंतु कुटुंबवाल्यांची गोष्ट निघतांच ग्रंथकाराची भाषा बदलते. त्यांस कृत्यप्रसंगीं पांढरी सुरा व औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्याची मुभा आहे. तसेंच उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगीं चार दिवसांची परवानगी द्यावी असें सांगितलें आहे. येथें द्रोण नाहीं, आढक नाहीं, प्रस्थ नाहीं. परिमाण ठरविलें नाहीं, दिवस ठरविले.

असें कां असावें? ग्रंथांत कारण दिलेलें नाहीं, पण आमचा तर्क असा. दुकानांत माप हातीं असतें, घरांत राजपुरुषाचें माप चालत नाहीं. मात्र आंबण्यास लागणारा काळ कोणाच्यानें लपवितां येत नाहीं. श्रौत विधीप्रमाणें तीन रात्री धरल्या तर चार दिवसांच्या मुदतींत एकच आंबवण पुरें होतें, दुसरें होत नाहीं. म्हणजे वर्षांतील परवानगीचे प्रसंग मोजले कीं घरटी आंबवणें मोजलीं गेलीं. राहतां राहिला मडक्याचा आकार. विनापरवाना करणाऱ्याकडून प्रसंग संपेपर्यंत दर दिवसाचा दंड घ्यावा असें तेथें म्हटलें आहे, तोहि दिवसावरच बसविलेला आहे, हें या तर्कास पोषक आहे.

त्याच प्रकरणांत निरनिराळ्या मद्यांचीं प्रमाणें दिलीं आहेत. मेदक नांवाच्या मद्यास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. चार प्रस्थांचा आढक व चार आढकांचा द्रोण, तेव्हां हिशेब असा झाला : पाणी सोळा प्रस्थ, तांदूळ दोन प्रस्थ, किण्व तीन प्रस्थ. तांदुळाहून किण्व अधिक, हें पाहून कित्येकांस पाठ अशुद्ध असावा असें वाटेल. पण किण्व म्हणजे नुसतें विरजण नव्हे. उडीद व त्याच्या त्रिभागानें अधिक तांदूळ, शिवाय मोरटादि औषधी, असें तें बांधलेलें असतें. तीन भाग उडदांस चार भाग तांदूळ धरले तर तीन प्रस्थ किण्वांत सुमारें पावणेदोन प्रस्थ तांदूळच आहे. म्हणजे या मडक्यांत तांदूळ दोन नव्हे, पावणेचार प्रस्थांजवळ गेला, आणि वर सव्वा प्रस्थ उडीद. एखाद्या घराच्या खर्चाच्या वहींत 'तांदूळ, मद्यासाठीं' अशी नोंद सांपडली आणि किण्व आयतें विकत आणलेलें असलें, तर त्या नोंदीवरून काढलेला आकडा निम्म्यानें चुकेल. किण्वासाठीं लागणारें सामान निवडण्याचें काम बायका व मुलें यांनीं करावें असेंहि तेथें आहे. घरच्या कामाची ही बाजू पुढील हजारों वर्षांच्या हिशेबांत बहुतेक अलिखितच राहिली.

मापांचा घोळ येथेंच संपत नाहीं. अर्थशास्त्रांतील द्रोण दोनशें पलांचा. व्यवहाराचा त्याहून थोडा लहान, १८७॥ पलांचा, आणि आणखी खालचेहि प्रकार सांगितले आहेत. वैद्यकांत, उदाहरणार्थ शार्ङ्गधराच्या संहितेंत, द्रोण २५६ पलांचा होतो. शार्ङ्गधरानें एक मोठा उपयोगी नियम दिला आहे : ज्या अरिष्टाचें प्रमाण सांगितलेलें नाहीं त्यास एक द्रोण द्रवास एक तुळा, म्हणजे शंभर पल, गूळ घ्यावा, मध गुळाच्या निम्मा, आणि प्रक्षेप दशांश. वैद्यांच्या हस्तलिखित वह्या आपल्यापैकीं अनेकांच्या संग्रहीं आहेत. त्यांत गुळाचा आकडा असला आणि पाण्याचा नसला, तरी या नियमानें अरिष्टाचें माप काढतां येतें. मात्र एक पेंच आहे. द्रव पदार्थ सांगितल्याच्या दुप्पट घ्यावेत अशी वैद्यांची परिभाषा आहे. ती लावली तर शंभर पल गुळास पाणी २५६ नव्हे, ५१२ पल. म्हणजे एकाच वहीवरून दोघां विद्वानांनीं काढलेल्या वर्षाच्या गणतींत दुपटीचा फरक पडेल, आणि दोघांचेंहि गणित बरोबर असेल! आम्ही आयुष्यभर मुलांस त्रैराशिक शिकविलें. त्यांत हरकत कधींच गणिताची नसते, पहिलें पद काय धरलें याची असते.

पेशवाईच्या कागदांत अडचण वेगळीच आहे. न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिश्यांवरील आपल्या १९०० सालच्या निबंधांत दाखविलें आहे कीं, पेशवे सरकारचें धोरण मद्य करण्या-विकण्याच्या बंदीचें होतें. पोर्तुगिजांपासून घेतलेल्या वसई वगैरे मुलखांत मात्र भंडारी, कोळी आदि लोकांसाठीं ती सैल केली, आणि ब्राह्मण, प्रभु व सरकारी कामगार यांस ती सवलत नव्हती. जेथें विक्रीच मना तेथें अबकारीचें उत्पन्न नाहींसारखें. पण उत्पन्नाच्या रकान्यांतील शून्य म्हणजे पिण्याचें शून्य नव्हे. उलट अशा ठिकाणीं घरगुती मद्याचा पुरावा जमेच्या बाजूस न शोधतां दंडाच्या, म्हणजे त्या काळच्या भाषेंत गुन्हेगारीच्या, नोंदींत शोधला पाहिजे. त्याहि नोंदी पकडलेल्यांच्याच असतात, हें सांगणें नको.

इंग्रजी अमलांत मोजण्याची वस्तु पुन्हां पालटली. ताडी-माडीच्या बाबतींत मद्य मोजण्याऐवजीं झाड मोजलें. झाडावर कर बसविला म्हणजे झाड लपत नाहीं आणि रस किती निघाला याची चौकशीहि नको. मोहाच्या दारूस हा उपाय चालेना. मोहाचें झाड रानांत, फुलें आपोआप गळणारीं, तीं वेंचून वाळविलीं कीं वर्षभर टिकतात, आणि भट्टी म्हणजे एकावर एक दोन मडकीं व एक नळी. तेव्हां सरकारनें फूलच धरलें. १८९२ सालच्या मुंबईच्या मोहविषयक कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावर निर्बंध घातले. हेतु घरगुती भट्टी बंद पाडण्याचा होता; परंतु हींच फुलें गरिबांचें अन्न होतीं, दुष्काळांत तर मोठाच आधार. फुलांच्या टोपलींतील किती पोटांत जाणार आणि किती मडक्यांत, हें कोणासच ठाऊक नसतां टोपली हाच पुरावा ठरला. गणतीची चूक कागदावर राहिली तर संशोधकाचा लेख चुकतो. ती कायद्यांत शिरली तर असें होतें. महाराष्ट्र शासनानें मोहफुलांचा संग्रह व वाहतूक यांवरचे निर्बंध सैल केले ते २०२१ सालीं. गोदाकांठच्या मोहास उद्देशून एक गाथा हालाच्या सप्तशतींत आहे, म्हणजे पैठणच्या आसमंतांत या फुलांची ओळख दोन हजार वर्षांजवळ जाते. त्या मानानें हे निर्बंध कालचेच.

फुलांवरून दारू किती, याचा हिशेब कारखान्यांतील अनुभवावरून करतां येतो. सुक्या फुलांच्या एका टनापासून सुमारें ३४० लिटर, शेंकडा ९५ शुद्धतेचा, मद्यार्क निघतो असें प्रमाण रूढ आहे. समजा, एका घरानें होळी, दिवाळी, लग्न आणि एखादा नवस अशा चार प्रसंगीं पांच-पांच किलो फुलें लाविलीं. वीस किलोंचा मद्यार्क या मानानें साडेसहा लिटर होईल. घरच्या मडक्यांत इतकें हातीं लागणें कठीण. निम्में धरूं, म्हणजे सव्वातीन लिटर. आतां हेंच शेंकडा २५ तीव्रतेचें काढलें तर दारू १३ लिटर, आणि नुसती पहिल्या धारेची, शेंकडा ४० ची, ठेवली तर आठच. घर तेंच, फुलें तींच, आणि वर्षाच्या आकड्यांत दीडपटीहून अधिक फरक. यासाठींच इंग्रजी अहवालांत प्रूफ गॅलन हें माप योजिलें आहे. लंडन प्रूफ म्हणजे शेंकडा सुमारें ५७ मद्यार्क. २५ अंश अंडर प्रूफ म्हणजे ४३, आणि ६० अंश अंडर प्रूफ म्हणजे २३ च्या आसपास. नुसता 'गॅलन' हा शब्द पाहून दोन सालांची तुलना करणें धोक्याचें आहे. तसेंच आपल्या कागदांतील 'शेर' : तो मापी कीं वजनी, कच्चा कीं पक्का, हें ठरल्यावांचून पुढें जाऊं नये. द्रवास आणि धान्यास एकच शब्द वापरणारे लेखक मोडींत पदोपदीं भेटतात.

आजची स्थिति काय? छत्रपति संभाजीनगरजवळच्या वाळूज व चिकलठाणा येथील बीअरच्या कारखान्यांतून काय बाहेर पडतें याची सरकारास बारीक माहिती असते, कारण त्यावर कर आहे. घरीं मद्य करणें महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९, याखालीं परवान्यावांचून गुन्हा आहे. म्हणून घरच्या मद्याची सरकारी नोंद पंचनाम्यांतच होते. तेथें 'सडवा इतके लिटर जागीं नष्ट केला' असें वाक्य असतें. सडवा म्हणजे भट्टीवर न चढलेलें आंबवण. त्यास दारू समजून बेरीज करणारीं वर्तमानपत्रें आम्ही नित्य पाहतों. शिवाय धाडी अधिक पडल्या त्या वर्षीं आकडा फुगतो, मग दारू वाढलेली असो वा नसो. मोहाची जागा काळा गूळ व नवसागर यांनीं पुष्कळ ठिकाणीं घेतल्यापासून फुलांवरून काढण्याची पद्धतिहि निकामी झाली आहे. राष्ट्रीय नमुना पाहणींत घरोघर खर्च विचारतात. त्यांत ताडी, देशी दारू, बीअर, विदेशी मद्य अशा वेगळ्या बाबी असतात, आणि घरीं निपजलेलें व विकत घेतलेलें असा भेदहि करतात. पण दारांत उभ्या असलेल्या अनोळखी माणसास आपण काय गाळतों हें कोण सांगणार? जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालच्या आपल्या अंदाजांत जगांतील एकूण मद्यार्काचा चौथा हिस्सा नोंदीबाहेरचा धरला आहे. त्यांत घरगुतीबरोबर चोरटें मद्यहि आलें.

जेथें घरगुती बीअर कायदेशीर आहे तेथेंहि गोष्ट फारशी सोपी नाहीं. इंग्लंडांत १८८० पर्यंत कर माल्टवर होता, बीअरवर नव्हे. त्या सालीं ग्लॅडस्टननें तो काढून घरीं बीअर करणाऱ्यांस परवाना लाविला, आणि १९६३ सालीं मॉडलिंगनें परवानाहि काढून टाकला. परवाना गेला आणि त्याबरोबर मोजदादीचें साधनहि गेलें. अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें प्रौढ माणसास वर्षाला १०० गॅलन, आणि दोन वा अधिक प्रौढ असलेल्या घरास २०० गॅलन, अशी मर्यादा घातली. तेथील होमब्रूअर्स असोसिएशनचा २०१७ सालचा अंदाज असा कीं, अकरा लक्ष लोक वर्षाकांठीं चौदा लक्ष बॅरल बीअर घरीं करतात, म्हणजे त्या देशाच्या एकंदर बीअरचा शंभरावा हिस्सा. बॅरल ३१ अमेरिकन गॅलनांचें, तेव्हां दर माणशीं सुमारें ४० गॅलन, किंवा दीडशें लिटर, पडतात. एका माणसाच्या मर्यादेच्या दोनपंचमांश. मर्यादेवरून अंदाज बांधणारा येथें अडीच पटीनें चुकला असता. हा आकडाहि लोकांस विचारून काढलेला आहे, आणि विचारल्यास उत्तर देणारा बहुधा हौशी व वरचेवर करणारा असतो. तरी ज्या अर्थीं सांगण्यांत भय नाहीं, त्या अर्थीं तो आमच्या पंचनाम्यांहून पुष्कळ विश्वसनीय मानावा लागेल.

मराठवाड्याच्या कागदांपुरतें बोलावयाचें तर घरगुती मद्याचा शोध अबकारीच्या रुमालांत घेण्यांत अर्थ थोडा. लग्नखर्चाच्या याद्या, जत्रेचे व देवस्थानचे हिशेब, मोह किंवा गूळ यांच्या खरेदीच्या किरकोळ नोंदी, वैद्यांच्या वह्या आणि दंडाच्या याद्या हीं खरीं स्थळें. त्यांतहि एकच वर्ष घेऊं नये. सुकाळाचें व दुष्काळाचें वर्ष शेजारीं ठेवून पाहावें, कारण दुष्काळांत तींच फुलें चुलीकडे वळतात. गांवपातळीचे कागद मोडी मराठींत, वरच्या कचेऱ्यांचे आधीं फारसींत व मागाहून उर्दूंत, अशी येथली वांटणी असल्यामुळें एकाच बाबीचे दोन अर्धे दोन लिपींत पडून आहेत. परतूर, मंठें, जिंतूर या बाजूच्या जुन्या कुलकर्णी घराण्यांत अशा किरकोळ खर्चाच्या फर्दा असतील तर त्यांच्या मालकांनीं, विषय मद्याचा आहे म्हणून संकोच न धरतां, आम्हांस नकला पाठवाव्यात. नकलेंत सन फसली कीं शक, शेर कोणता, आणि नोंद खरेदीची कीं खर्चाची, एवढें मूळांत असेल तसें उतरून घ्यावें. मापांचें रूपांतर मात्र आपण होऊन करूं नये.